सिद्राम : एका शहरापुरते नाव

अक्कलकोट विधानसभा मतदारसंघात बरीच वर्षे मुख्य लढत दोन माणसांत होत असे. एका बाजूला काँग्रेसचे सिद्धाराम म्हेत्रे, राज्याचे गृहराज्यमंत्री राहिलेले. दुसऱ्या बाजूला भाजपचे सिद्रामप्पा पाटील. दोघेही इथून आमदार झाले, दोघेही एकमेकांविरुद्ध लढले. पक्ष वेगळे, चिन्हे वेगळी, नाव मात्र मुळात एकच. तालुक्यात याचे कुणाला नवल वाटले नाही. जळगावात किंवा रत्नागिरीत असे दोन उमेदवार समोरासमोर आले असते, तर आधी नावाचीच चर्चा झाली असती.

सिद्राम हे नाव दुर्मीळ आहे का, याचे उत्तर विचारणारा कुठे उभा आहे त्यावर ठरते. सोलापूरच्या बाळीवेशीत किंवा शेळगीच्या रस्त्यावर ‘काय बे सिद्राम’ अशी हाक ऐकू आली की दोघे-तिघे वळून बघतील. तोच सिद्राम नोकरीसाठी पुण्याला गेला की त्याला नाव दोनदा सांगावे लागते. ऐकणारा ‘सीताराम का?’ असे विचारतो आणि कागदावर भलतेच काहीतरी लिहितो. अडीचशे किलोमीटरच्या प्रवासात नेहमीचे नाव अनोळखी होऊन जाते.

हे आकड्यांत मांडायचे तर अडचण येते. अमेरिकेत सामाजिक सुरक्षा खाते दरवर्षी नवजात बालकांच्या नावांची यादी काढते. वर्षभरात पाच बाळांना मिळालेले नावही तिच्यात सापडते. इंग्लंड आणि वेल्समध्ये तर तीन बाळांना मिळालेले नावसुद्धा यादीत येते. भारतात जन्मनोंदणीचा कायदा १९६९ पासून आहे, पण कोणते नाव किती जणांना ठेवले, याची अशी वार्षिक यादी निघत नाही. मग शोध घ्यायचा तो मतदारयाद्यांत, शाळांच्या जनरल रजिस्टरांत, लग्नपत्रिकांत, दुकानांच्या पाट्यांवर. सोलापूर शहरात २०११ च्या जनगणनेनुसार ९,५१,५५८ माणसे होती. त्यांच्या पाट्यांवर आणि पत्रिकांवर सिद्राम, सिद्धाराम, सिद्रामप्पा, सिद्धेश्वर, सिद्धप्पा ही नावे जागोजागी भेटतात. याचे कारण बाराव्या शतकात आहे.

त्या काळी सोलापूरचे नाव सोन्नलगी होते. तिथे मुद्दगौडा आणि सुग्गलादेवी यांच्या पोटी जो मुलगा जन्मला, त्याचे बालपणीचे नाव कन्नड परंपरा ‘धूळिमाकाळ’ असे सांगते. रेवणसिद्धांनी त्याच्या जन्माचे भाकीत आधीच केले होते, असेही ही परंपरा सांगते. मुलगा अबोल होता. गुरे राखायला जायचा. रानात त्याला एक जंगम भेटला, आपण श्रीशैलचा मल्लय्या असल्याचे त्याने सांगितले आणि खायला मागितले. मुलगा धावत घरी गेला आणि अन्न घेऊन परतला, तर जंगम दिसेना. ‘मल्लय्या, मल्लय्या’ करत तो यात्रेकरूंबरोबर थेट श्रीशैलला पोहोचला आणि तिथेही भेट होईना म्हणून कड्यावरून उडी टाकायला निघाला. तेव्हा मल्लिकार्जुनाने, म्हणजे त्याच मल्लय्याने, त्याला दर्शन दिले, गावी परत पाठवले आणि सोन्नलगीचे दुसरे श्रीशैल करायला सांगितले. तेराव्या शतकातला कन्नड कवी राघवांक याने ‘सिद्धराम चारित्र’ या काव्यात ही कथा विस्ताराने रचली आहे.

हाच मुलगा पुढे सिद्धराम, लोकांचा सिद्धेश्वर, म्हणून ओळखला गेला. परत आलेल्या सिद्धरामाने जे केले ते सोलापूरकरांच्या रोजच्या नजरेसमोर आहे. त्याने माणसे जमवली आणि तळे खोदले. भुईकोट किल्ल्याच्या शेजारी, आज चहूबाजूंनी पाणी असलेल्या जागी श्री सिद्धेश्वर मंदिर उभे आहे. कमी पावसाच्या, उन्हाळ्यात भाजून निघणाऱ्या या मुलखात तळे खोदणाऱ्या माणसाला लोकांनी देव मानले. गावाभोवती त्याने अडुसष्ट लिंगांची स्थापना केली. शिवाय तो वचनकार होता. ‘कपिलसिद्ध मल्लिकार्जुन’ या मुद्रिकेने संपणारी त्याची हजाराहून अधिक वचने कन्नडमध्ये उपलब्ध आहेत आणि बसवण्णा, अल्लमप्रभू, चन्नबसवण्णा यांच्या पंक्तीत त्याचे नाव घेतले जाते.

‘सिद्ध’ म्हणजे साधना पुरी झालेला. ‘राम’ हा शब्द ‘रम्’ धातूपासून आला, म्हणजे रमणारा किंवा रमवणारा. शब्दाच्या अंगाने पाहिले तर सिद्धावस्थेत रमलेला, असा सिद्धराम या नावाचा सरळ अर्थ लागतो. शिवभक्ताच्या नावात राम कसा, असा प्रश्न काहींना पडतो. तो या धातूकडे पाहिले की सुटतो. इथे अयोध्येच्या रामाची गरज लागत नाही. मराठी कानाला मात्र हा ‘राम’ परका वाटत नाही. तुकाराम, सखाराम, आत्माराम, गंगाराम, बळीराम अशी रामाने संपणारी नावांची मोठी रांग मराठीत आधीपासून होती. सिद्धराम त्या रांगेत सहज जाऊन बसला.

बसताना तो थोडा झिजला. बोलीतल्या कन्नडमध्ये ‘ध’सारखी महाप्राण अक्षरे हलकी होतात, म्हणून ‘सिद्दराम’. मराठी जिभेने मधला अकार गिळला आणि जोडाक्षर केले, म्हणून ‘सिद्राम’. मानाने हाक मारायची तर पुढे ‘अप्पा’ लागतो आणि सिद्रामप्पा होतो. म्हैसूरकडे ‘अय्या’ लागतो आणि सिद्धरामय्या होतो. घरात सिद्दू, सिद्रू. बाईमाणसाचे नाव सिद्धव्वा किंवा सिद्धम्मा. सोलापूर हे मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू अशा चार भाषा रोज बोलणारे शहर आहे. एकच नाव एका गल्लीत अप्पा होते, दुसऱ्या गल्लीत राम राहते, आणि दोन्ही गल्ल्यांना ते आपलेच वाटते.

या नावाला दरवर्षी नवी धार मिळते ती संक्रांतीच्या सुमारास. सिद्धेश्वरांच्या यात्रेला सोलापूरकर ‘गड्डा’ म्हणतात. सात नंदीध्वज, म्हणजे लोकांच्या भाषेत काठ्या, निघतात. त्यांचे मान वेगवेगळ्या समाजांकडे आहेत. पांढरी बाराबंदी घातलेले भक्त त्या उंच, जड काठ्या कमरेच्या पट्ट्यावर तोलत अडुसष्ट लिंगांना फिरवतात. दुसऱ्या दिवशी संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा होतो. रोज अंगणात रांगोळी घालणाऱ्या कुंभाराच्या मुलीने सिद्धरामाशी लग्नाचा हट्ट धरला, तेव्हा योग्याने आपल्या योगदंडाशी विवाह करण्याची तिला परवानगी दिली, अशी ती कथा आहे. संमती वाचन सुरू झाले की तळ्याकाठची अफाट गर्दी, छतांवरची आणि किल्ल्याच्या बाजूची, एकदम अक्षता टाकते. ज्या गावात दरवर्षी सगळे गाव एका लग्नाचे वऱ्हाडी होते, तिथे त्या नवरदेवाचे नाव घरोघर असणारच. त्या योग्याने स्वतः संसार केला नाही, त्याला मूलबाळ नव्हते, आणि आठशे वर्षे त्याचे नाव नातवंडांच्या पाळण्यावर घेतले जात आहे. ही गोष्ट मनाला फार भिडते.

आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याची रीत सीमाभागात आणि कर्नाटकात घट्ट आहे. त्यातून सोलापूरच्या घरांत एक सुरेख साखळी तयार होते. आजोबा सिद्राम, मुलगा मल्लप्पा, नातू पुन्हा सिद्राम, पणतू पुन्हा मल्लप्पा. मल्लप्पा म्हणजे मल्लिकार्जुन, सिद्रामाचा देव. वंशावळीच्या कागदावर देव आणि भक्त पिढ्यान् पिढ्या आलटून पालटून एकमेकांचे बाप होत जातात.

नाव तळ्याच्या काठाने पसरले तसे श्रमाच्या वाटेनेही पसरले. ‘शून्यसंपादने’ या कन्नड ग्रंथातल्या एका प्रसंगात अल्लमप्रभू सोन्नलगीला येतात आणि तळी खोदण्यात गुंतलेल्या सिद्धरामाला ‘ओड्डराम’, म्हणजे दगडमातीचे काम करणारा वडार राम, असे हिणवून हाक मारतात. हेतू त्याला बाहेरच्या बांधकामातून आतल्या साधनेकडे वळवण्याचा होता. पण तो शब्द कर्नाटकातल्या भोवी-वड्डर समाजाने अभिमानाने उचलला. सिद्धरामेश्वर त्यांचे गुरू झाले आणि दरवर्षी त्यांची जयंती मोठ्या प्रमाणावर साजरी होते. तुमकूरकडचे नोळंब लिंगायतही गुरुसिद्धरामेश्वरांना मानतात. म्हैसूर जिल्ह्यात सिद्धरामनहुंडी नावाचे गाव आहे. २०१३ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये कर्नाटकाचे मुख्यमंत्री झालेले सिद्धरामय्या त्याच गावचे, आणि ते कुरुब म्हणजे धनगर समाजाचे. तेव्हा हे नाव एका जातीच्या खात्यावर मांडता येत नाही. लिंगायत, धनगर, वडार, माळी अशा अनेक घरांत ते आहे, आणि हेच त्याचे खरे वैभव आहे.

दुसरी वाट अध्यात्माची. सोलापूर जिल्ह्यातल्या पाथरी गावी १८८८ मध्ये जन्मलेले सिद्धरामेश्वर महाराज इंचगिरी संप्रदायातल्या भाऊसाहेब महाराज उमदीकरांचे शिष्य. मुंग्यांच्या वाटेने जाण्यापेक्षा पाखराच्या वाटेने जावे, असा विहंगम मार्ग त्यांनी सांगितला. १९३६ मध्ये मुंबईत त्यांनी देह ठेवला. खेतवाडीत विडीचे दुकान चालवणारे मारुती कांबळी हे त्यांचे शिष्य, आणि ते पुढे निसर्गदत्त महाराज म्हणून ओळखले गेले. १९७३ मध्ये मॉरिस फ्रीडमन यांनी निसर्गदत्तांच्या संवादांचे ‘आय अ‍ॅम दॅट’ हे इंग्रजी पुस्तक काढले आणि युरोप-अमेरिकेतले वाचक मुंबईतल्या त्या छोट्या माडीवर येऊ लागले. गुरूंचे नाव घेताना ते ‘सिद्धरामेश्वर’ हा शब्द अडखळत का होईना उच्चारू लागले. पुण्यात नीट ऐकू न येणारे नाव असे पाथरीहून निघून परदेशी वाचकांच्या कपाटात पोहोचले.

तिसरी वाट सुरांची आणि ती सोलापूरबाहेर फार थोड्यांना माहीत आहे. सुंदरी नावाचे एक सुषिर वाद्य आहे, सनईच्या कुळातले, पण तिच्याहून लहान आणि आवाजाने गोड. अक्कलकोटच्या दरबारात वादनावर खूश होऊन राजांनी त्याला सुंदरी हे नाव दिले, अशी हकीकत सांगतात. सोलापूरच्या जाधव घराण्याने हे वाद्य जपले आणि त्या घराण्यात पंडित सिद्राम जाधव हे मोठे वादक झाले. वाद्यही दुर्मीळ, नावही दुर्मीळ, आणि दोन्ही एकाच शहरातली. ज्यांनी त्यांची जुनी ध्वनिमुद्रणे ऐकली आहेत, त्यांच्या कानात सिद्राम हे नाव त्या बारीक, लांबत जाणाऱ्या सुरासकट राहिले आहे.

एका गावाचे नाव त्याच गावात दाटून राहणे ही जगात इतरत्रही दिसणारी गोष्ट आहे. इटलीत नापोली शहराचा रक्षक संत जेन्नारो. जेन्नारो नावाचा माणूस भेटला की इटालियन माणूस त्याचे शहर आधीच ओळखतो. सोलापूर जिल्ह्यातच अशी आणखी उदाहरणे आहेत. माढा तालुक्यातले अरण हे सावता माळ्यांचे गाव. ‘सावता’ हे नाव त्या परिसरात जसे भेटते तसे दूर गेल्यावर भेटत नाही. मंगळवेढ्याचे दामाजी. दक्षिण सोलापूर, मंगळवेढा आणि विजापूरच्या पट्ट्यात धनगरांची अमोगसिद्ध, बिराप्पा, महालिंगराया ही नावे. हुलजंतीच्या दिवाळीतल्या यात्रेत ती गर्दीतून सारखी कानावर पडतात. शिवाय रेवणसिद्ध. ‘सिद्ध’ शब्दाचे हे एक अख्खे कुटुंबच आहे, आणि सिद्राम हा त्यातला थोरला भाऊ.

याच जिल्ह्यातले एक नाव मात्र वेगळ्या नशिबाचे निघाले. अक्कलकोटच्या स्वामी समर्थांनी १८७८ मध्ये समाधी घेतली. त्यांच्यावरून ‘समर्थ’ हे नाव आज मुंबई, ठाणे, नाशिकपासून परदेशातल्या मराठी घरांपर्यंत मुलांना ठेवले जाते. तीन अक्षरे, कोणत्याही भाषेत अर्थ लागणारा संस्कृत शब्द, मागे ना अप्पा ना अय्या. सिद्रामाच्या उच्चारात मात्र गाव ऐकू येते, माती ऐकू येते, आणि आजच्या आईबापांना नेमके तेच नको असते. हे दुःखाने लिहावे लागते, कारण त्या आवाजातच या नावाचे सारे मोल आहे.

शहराच्या इतिहासात नावांचा हा विणलेला पोत एका ठिकाणी स्वच्छ दिसतो. १९३० च्या मे महिन्यात सोलापुरात मार्शल लॉ पुकारला गेला. त्यानंतरच्या खटल्यात चौघांना फाशीची शिक्षा झाली आणि १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात ती अमलात आली. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा, अब्दुल रसूल कुर्बान हुसेन. आज ज्याला शहर ‘चार पुतळा’ म्हणते, तिथे हे चौघे उभे आहेत. नुसती नावे वाचली तरी सोलापूरच्या चार घरांची बोली ऐकू येते. त्यातला मल्लप्पा हा सिद्रामाच्या देवाचा. १२ जानेवारी हा दिवस गड्ड्याच्या तोंडावर येतो. पुतळ्यांना हार पडतात तेव्हा शहरात काठ्यांची तयारी चालू असते.

आणखी एक नाव इथे सांगितले पाहिजे, कारण सोलापूरशी जोडलेले त्याच्याहून दुर्मीळ मुलाचे नाव दुसरे नसेल. १० ऑक्टोबर १९१० रोजी या शहरात जन्मलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले. तिथे त्यांनी क्वो छिंगलान यांच्याशी विवाह केला. १९४२ च्या ऑगस्टमध्ये मुलगा झाला, त्याचे नाव ठेवले ‘यिनहुआ’. चिनी भाषेत यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. मूल चार महिन्यांचेही झाले नव्हते, तेव्हा ९ डिसेंबरला कोटणीस गेले. दोन देश एका मुलाच्या नावात बांधणारा हा शब्द. तो मुलगाही १९६७ मध्ये, वैद्यकीय शिक्षण पुरे होण्याआधीच, ऐन तारुण्यात वारला.

आता पुन्हा सिद्रामाकडे. बारशाच्या आधी घरात पंचांग उघडले जाते, आणि महाराष्ट्रातल्या पुष्कळ घरांत ते सोलापूरचेच दाते पंचांग असते. शततारका नक्षत्राच्या तिसऱ्या चरणाचे अक्षर ‘सी’; रास कुंभ. हे अक्षर आले की पूर्वी सोलापुरात फार विचार करावा लागत नसे. आता त्याच अक्षरावर सिद्धार्थ, सिद्धेश, सिद्धांत यांच्यातून निवड होते. त्यात ‘सिद्ध’ टिकतो आणि ‘राम’ गळतो. काही आईबाप देवाचे नाव पाळण्यात घेतात आणि शाळेसाठी दुसरे नाव लिहितात. कायद्यानेही विचाराला सवड दिली आहे. जन्माची नोंद झाली तरी मुलाचे नाव बारा महिन्यांच्या आत विनाशुल्क घालता येते. या मधल्या काळात कितीतरी घरांत आजी आणि सून यांच्यात सिद्राम की सिद्धेश, यावर बोलणी होतात, आणि बहुतेक वेळा सुनेचे ऐकले जाते. त्यात तिचा दोष काढण्यात अर्थ नाही. मूल कुठे शिकेल, कुठे नोकरी करेल, तिथे त्याचे नाव कसे ऐकले जाईल, याची काळजी तीच करत असते.

लेखनाचा गोंधळही या नावाच्या मुळावर आला आहे. एकाच माणसाच्या शाळेच्या दाखल्यावर ‘सिद्राम’, शिधापत्रिकेवर ‘सिद्धाराम’, बँकेच्या पुस्तकात ‘सिध्दराम’, आणि इंग्रजीत तर तीन निराळी स्पेलिंगे. पेन्शनच्या किंवा वारसाच्या वेळी ‘या तिन्ही व्यक्ती एकच’ असे प्रतिज्ञापत्र करावे लागते. ज्याने बापाचे असे हेलपाटे पाहिले, तो मुलगा आपल्या पोराला सोपे नाव ठेवतो.

तरीही हे नाव गेले असे म्हणता येणार नाही. मराठी नावाच्या मधल्या घरात वडिलांचे नाव येते, आणि सिद्राम आज मुख्यतः तिथे राहतो. महाविद्यालयांच्या निकालपत्रांत आदित्य सिद्राम, प्रतीक सिद्राम, ऐश्वर्या सिद्राम अशी नावे ओळीने दिसतात. हैदराबाद, बंगळुरू किंवा न्यू जर्सीतल्या कचेरीत कुणी फक्त आदित्य असतो. पासपोर्टवर मात्र मधोमध तळे खोदणारा योगी बसलेला असतो. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये निर्णय घेतला की १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या मुलांच्या शासकीय नोंदींत आधी मुलाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव लिहायचे. आईचे नाव आले हे फार उशिरा झालेले योग्य काम. या नव्या क्रमात सिद्राम आणखी एक जागा मागे सरकतो. आजोबांच्या पाटीवर तो पहिला होता, मुलाच्या दाखल्यावर दुसरा. आता सोलापूरच्या एखाद्या प्रसूतिगृहात जन्मलेल्या बाळाच्या कागदावर तो तिसरा आहे, आईच्या नावाच्या आणि आडनावाच्या मधे.